स्वादुपिंड, अग्निपिंड आणि ‘साखर’ : एका शरीरावस्थेच्या नावांचा इतिहास

१

रोगांच्या नावांचा इतिहास हा वैद्यकाच्या इतिहासाचा एक भाग आहे, हे सर्वमान्य आहे. तो भाषेच्या इतिहासाचाही भाग आहे, याकडे मात्र आपल्याकडे फारसे लक्ष दिले गेलेले नाही. नाव ठेवले म्हणजे वस्तू कळली असे आपण सहसा समजतो. परंतु नाव जुने आणि वस्तू नवी असली, म्हणजे जुन्या नावात साठलेला अर्थ नव्या वस्तूवर बसतो. आणि ती वस्तू रोग असेल तर त्याची किंमत रोग्याला मोजावी लागते. प्रस्तुत लेखात अशाच एका शरीरावस्थेच्या नावांचा विचार करावयाचा आहे.

दीर्घकालीन स्वादुपिंडदाहामुळे ज्याचे स्वादुपिंड शस्त्रक्रियेने समूळ काढावे लागले, त्या मनुष्याला शस्त्रक्रियेच्या दिवसापासून मधुमेह जडतो. हा मधुमेह नेहमीच्या मधुमेहाहून कित्येक बाबतींत निराळा आहे. तथापि मराठीत त्याला निराळे नाव नाही. ‘मधुमेह’, ‘डायबेटिस’, ‘शुगर’ आणि सर्वांत अधिक ‘साखर’ याच शब्दांखाली तो मोडतो. नावाच्या या अभावातून काय घडते, आणि ही नावे आपल्यापर्यंत कोणत्या वाटेने आली, हे पाहणे हा या लेखाचा हेतू आहे.

साक्ष कोठून दिली जात आहे हे साक्षीदाराने आधी सांगावे, असा इतिहासलेखनाचा संकेत आहे. म्हणून नमूद करणे अवश्य आहे की, प्रस्तुत लेखकाच्या उदरात ही ग्रंथी आता नाही. बारा वर्षांच्या पोटशूळानंतर सहा वर्षांपूर्वी ती काढण्यात आली. लेखकाचे मूळ घर मुळशी तालुक्यातील घोटावडे येथे आहे. पौड रस्त्यावर पिरंगुटजवळच्या घोटावडे फाट्यावरून आत वळले की भातखाचरांचा हा परिसर लागतो. पुढे येणारी बोलीतील उदाहरणे तेथील, बहुतांशी घरातील आणि भावकीतील आहेत.

२

प्रथम ग्रंथीच्या नावांचा विचार करू. युरोपीय भाषांतील ‘पॅन्क्रियस’ हा शब्द ग्रीक आहे. ‘पॅन’ म्हणजे सर्व आणि ‘क्रेआस’ म्हणजे मांस. हाड नाही, कूर्चा नाही, सगळे मांसच, एवढाच त्या नावाचा अर्थ. ग्रंथी काय करते याचा त्या नावात मागमूस नाही, कारण नाव ठेवणाऱ्यांना ते ठाऊक नव्हते. जर्मन भाषेत तिला ‘पोटातील लाळग्रंथी’ अशा अर्थाचा सामासिक शब्द आहे. पाचकरस निर्माण करणारी ग्रंथी ही ओळख त्यात आलेली आहे, साखरेची मात्र आलेली नाही.

मराठीतील ‘स्वादुपिंड’ या शब्दाची घडण विचार करण्यासारखी आहे. स्वादु म्हणजे गोड किंवा रुचकर, आणि पिंड म्हणजे गोळा. हा शब्द ऐकताच आजच्या सुशिक्षित वाचकाला वाटते की, साखरेवर नियंत्रण ठेवणारी ग्रंथी म्हणून तिला हे नाव मिळाले असावे. परंतु तसे मानणे कठीण आहे. खाटकाच्या दुकानात मिळणाऱ्या प्राण्याच्या या ग्रंथीला इंग्रजीत ‘स्वीटब्रेड’ हे जुने नाव आहे. ते खवय्यांचे नाव आहे. ‘स्वादुपिंड’ हे त्याच नावाचे संस्कृत पदांत केलेले रूपांतर असावे, असा तर्क करण्यास जागा आहे. गुजरातीतही हाच शब्द आहे, हिंदीत मात्र ‘अग्न्याशय’ रूढ आहे. मुंबई इलाख्यात १८४५ साली ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झाले. पुढे तेथे मराठी आणि गुजराती माध्यमांतून वैद्यकाचे वर्ग चालले, आणि १८७८ च्या सुमारास पुण्यात बैरामजी जीजीभाई यांच्या नावाची वैद्यकशाळा निघाली. मराठी व गुजराती या दोन भाषांना समान आणि हिंदीला परका असा शब्द या इलाख्याच्या टांकसाळीत पडला असावा, हे त्यामुळे संभवनीय वाटते.

दुसरे नाव ‘अग्निपिंड’. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली निघालेल्या मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ साली प्रसिद्ध झाला. विश्वकोशाने या ग्रंथीसाठी ‘अग्निपिंड’ हा शब्द योजिला. येथे दृष्टी आयुर्वेदाची आहे : अन्न पचविणारा तो जठराग्नी, आणि त्याला साहाय्य करणारा पिंड तो अग्निपिंड. पाठ्यपुस्तकांत आणि दवाखान्यांत ‘स्वादुपिंड’ टिकले. कोशात ‘अग्निपिंड’ राहिले.

प्राचीन ग्रंथांतील ‘क्लोम’ हे या ग्रंथीचेच नाव असावे, असे काही अभ्यासकांचे मत आहे. चरकसंहितेत उदकवह स्रोतसांचे मूळ म्हणून तालूबरोबर क्लोमाचा निर्देश आहे, आणि मधुमेहात तहान फार लागते, हा त्या मताचा आधार. इतर अभ्यासकांनी क्लोम म्हणजे श्वासनलिका, फुप्फुस किंवा पित्ताशय असेही अर्थ केले आहेत. हा वाद येथे सोडविण्याचे कारण नाही. आपल्या दृष्टीने महत्त्वाचे इतकेच की, परंपरेने या ग्रंथीला निःसंदिग्ध नाव दिलेले नाही आणि म्हणून बोलभाषेतही ते उतरलेले नाही. काळीज, यकृत (बोलीत ‘लिव्हर’), मूतखड्यामुळे ठाऊक झालेली किडनी, स्त्रियांच्या बोलण्यातील ‘पिशवी’ ही इंद्रिये खेड्यात नावाने ओळखली जातात. स्वादुपिंडाला घरगुती नाव नाही.

याचा एक परिणाम लेखकाने स्वतः अनुभवला. शस्त्रक्रियेनंतर घोटावड्यास भेटीस आलेल्या मंडळींना ‘पोटातली एक ग्रंथी काढली’ असे सांगितले असता, ते वाक्य दुसऱ्या दिवशी गावात ‘पोटातली गाठ काढली’ असे झाले. भाषाशास्त्राच्या दृष्टीने गावकऱ्यांचे काहीच चुकले नव्हते. संस्कृत ‘ग्रंथि’, प्राकृत ‘गंठि’, मराठी ‘गाठ’ ही एकाच शब्दाची तीन वये आहेत. परंतु आजच्या मराठीत पोटातील गाठ म्हणजे कर्करोग. पुढे वर्षभर लोक लेखकाशी हळू आवाजात बोलत असत. तत्सम आणि तद्भव यांतील अर्थभेदाचे याहून चांगले उदाहरण लेखकाला वर्गात आजवर सापडलेले नाही.

३

आता रोगाच्या नावाकडे वळू. ‘मधुमेह’ हे नाव मूत्रावरून आले आहे. ‘मेह’ म्हणजे स्रवणे, आणि मूत्र मधासारखे म्हणून मधुमेह. मुंग्या मूत्राकडे धावतात हे निरीक्षण आपल्याकडे फार जुने आहे. ग्रीक ‘डायबेटिस’ हाही शब्द मूत्राच्या अखंड वाहण्यावरूनच आलेला आहे. युरोपात मूत्राच्या गोडीचे वर्णन टॉमस विलिस याने १६७४ साली केले. मूत्रातील आणि रक्तातील तो गोड पदार्थ साखरच आहे, हे मॅथ्यू डॉब्सन याने १७७६ साली दाखविले. तोवर रोग मूत्राचा होता. ग्रंथीशी त्याचा संबंध कोणी जोडला नव्हता.

या जुन्या परंपरेतील एक भेद मात्र लक्षात ठेवण्याजोगा आहे. सुश्रुतसंहितेत प्रमेहाचे दोन प्रकार सांगितले आहेत : एक सहज, म्हणजे जन्मतः आलेला, आणि दुसरा अपथ्यामुळे झालेला. पहिल्याचा रोगी कृश, दुसऱ्याचा स्थूल. चरकानेही स्थूल आणि बलवान रोग्यास शोधन, तर कृश आणि दुर्बल रोग्यास पोषण देण्यास सांगितले आहे. म्हणजे नाव एक असले तरी उपचार दोन, कधी परस्परविरोधी, हे प्राचीनांना मान्य होते. हा विवेक आजच्या बोलभाषेतून गळून पडला आहे. त्याचा प्रत्यय पुढे येईल.

ग्रंथी आणि गोडी यांची पहिली गाठ लंडनच्या एका वैद्यकीय नियतकालिकात १७८८ साली पडलेली दिसते. टॉमस कॉली या वैद्याने मधुमेहाने मरण पावलेल्या, मद्याची सवय असलेल्या ३४ वर्षांच्या एका पुरुषाची हकीकत तेथे दिली. मृत्यूनंतर शरीर उघडले असता त्याच्या स्वादुपिंडात खडे आढळले. आज ज्याला आपण खडे असलेला दीर्घकालीन स्वादुपिंडदाह म्हणू, त्याचेच हे वर्णन आहे. तथापि कॉलीने खड्यांवरून मधुमेहाच्या कारणाचा निष्कर्ष काढला नाही. पुरावा समोर असून त्याला नाव नव्हते.

पुढील शंभर वर्षांत ग्रंथीची दोन कार्ये दोन निराळ्या वाटांनी कळत गेली. क्लोद बेर्नार याने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास स्वादुपिंडाचा रस स्निग्ध पदार्थ पचवितो हे सिद्ध केले. पाउल लँगरहान्स या जर्मन विद्यार्थ्याने १८६९ साली आपल्या प्रबंधात ग्रंथीत विखुरलेल्या निराळ्या पेशींच्या लहान पुंजक्यांचे वर्णन केले. त्यांचे कार्य त्याला उमगले नव्हते. १८९३ साली लागेस याने त्यांना ‘लँगरहान्सची बेटे’ हे नाव दिले. मराठीत आपण त्यांना द्वीपके म्हणतो.

या दोन वाटा १८८९ साली स्ट्रासबुर्ग येथे एकत्र आल्या, आणि त्या आल्या त्या ग्रंथी काढून टाकल्यामुळेच. ऑस्कर मिंकोव्स्की आणि योजेफ फॉन मेरिंग यांनी एका कुत्र्याचे स्वादुपिंड समूळ काढले. कुत्रा जगला, पण वारंवार लघवी करू लागला. मिंकोव्स्कीने मूत्र तपासले तेव्हा त्यात साखर मुबलक निघाली. कुत्र्याच्या मूत्रावर माश्या बसल्या म्हणून हा शोध लागला, अशी कथा सांगितली जाते. ती कथा विश्वसनीय नाही, रासायनिक तपासणी मात्र खरी. मुंग्यांची जुनी खूण सांगणाऱ्या आपल्या परंपरेला ही माश्यांची दंतकथा ओळखीची वाटावी यात नवल नाही.

येथे एक गोष्ट आग्रहाने सांगितली पाहिजे. मधुमेहाचे आधुनिक ज्ञान स्वादुपिंड काढलेल्या प्राण्यापासून सुरू झाले. म्हणजे आज आपण ज्या अवस्थेला मधुमेहाचा एक विरळ, किरकोळ प्रकार समजतो, ती इतिहासाच्या दृष्टीने मूळ अवस्था आहे. बेटांवरून ‘इन्शुलीन’ हे नाव पदार्थ हाती येण्यापूर्वीच, १९०९ साली, ज्याँ द मेयर याने सुचविले होते. पदार्थ मिळाला तो टोरंटो येथे १९२१ साली. बँटिंग आणि बेस्ट यांचे प्रयोगही स्वादुपिंड काढलेल्या कुत्र्यांवरच झाले. ११ जानेवारी १९२२ रोजी लेनर्ड टॉम्सन या चौदा वर्षांच्या मुलाला पहिली सुई टोचली गेली. ती पुरेशी ठरली नाही. कॉलिप याने शुद्ध केलेला अर्क त्याच महिन्याच्या २३ तारखेस दिला, तेव्हा गुण आला.

४

दीर्घकालीन स्वादुपिंडदाहाचा भारतीय इतिहास केरळात ठळकपणे नोंदला गेला. डॉ. पी. जे. गीवर्गीज यांनी तेथील शेकडो रुग्णांचा अभ्यास केला. त्यांचा स्वादुपिंडजन्य मधुमेहावरील ग्रंथ १९६८ साली मुंबईच्या पॉप्युलर प्रकाशनाने काढला, ही गोष्ट मराठी वाचकाला जवळची वाटेल. बालपणी वारंवार पोटदुखी, तारुण्याच्या उंबरठ्यावर मधुमेह आणि ऐन उमेदीत मृत्यू, असा रोगाचा क्रम त्यांनी सांगितला. रोगी बहुधा गरीब व कृश असत, आणि मद्याशी त्यांचा संबंध नसे.

कारण काय, यावर बराच वाद झाला. कसावा या कंदातील सायनाइडयुक्त द्रव्य आणि प्रथिनांची उणीव यांवर १९७९ साली बोट ठेवण्यात आले. ज्या कंदापासून आपला एकादशीचा साबुदाणा होतो, तोच हा कंद. परंतु साबुदाणा करताना त्यातील विषारी अंश निघून जातो, त्यामुळे फराळाच्या ताटाला भिण्याचे कारण नाही. पुढे कसावा न खाणाऱ्या प्रदेशांतही हा रोग आढळल्याने तो सिद्धांत मागे पडला. एकविसाव्या शतकाच्या आरंभी भारतीय रुग्णांत स्पिंक-१ या जनुकातील बदल वारंवार आढळला, आणि एकाच कारणाऐवजी अनेक कारणांच्या संगमाकडे लक्ष वळले.

पुण्यातही हा रोग आहे. के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांचे सहकारी यांनी अशा रुग्णांच्या ग्रंथीची दोन्ही कार्ये, म्हणजे पाचकरस आणि इन्शुलीन, तपासून १९९० साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. कोणात ऱ्हास थोडा, कोणात पूर्ण, अशी एक श्रेणीच त्यांना दिसली. ‘अग्नी’ आणि ‘स्वादु’ या दोन्ही बाजू एकत्र मोजण्याची ही दृष्टी आपल्या विषयाला फार उपकारक आहे.

वर्गीकरणाचा इतिहासही नावांच्या अस्थिरतेची साक्ष देतो. जागतिक आरोग्य संघटनेने १९८५ साली ‘कुपोषणसंबद्ध मधुमेह’ असा वर्ग मान्य केला आणि खड्यांचा स्वादुपिंडजन्य मधुमेह त्यात घातला. १९९९ साली तो वर्ग रद्द झाला, आणि हा रोग स्वादुपिंडाच्या इतर विकारांबरोबर बसविण्यात आला. ग्रंथीच्या विकाराने किंवा ती काढल्याने होणाऱ्या मधुमेहास आता ‘टाइप ३-सी’ म्हणतात. २०२५ साली आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने कुपोषणाच्या मधुमेहाला ‘टाइप ५’ म्हणून पुन्हा मान्यता दिली. चाळीस वर्षांत एकाच रोग्याच्या कपाळावरचे नाव तीनदा बदलले. रोगी मात्र घरी ‘साखर’च सांगत राहिला.

त्यापूर्वीच्या वर्षांत तर तो तेही सांगत नाही. मराठी मनुष्य वरच्या पोटातील दुखण्याला ‘पित्त’ म्हणतो, आणि कळ फारच तीव्र असेल तर ‘वायगोळा’. लेखकाच्या बारा वर्षांपैकी पहिली चार वर्षे पित्तात गेली. गुडघे पोटाशी घेऊन पुढे वाकले की कळ थोडी सैल होते, ही या रोगाची ठळक खूण आहे. लेखकाच्या आजीने ती ओळखली होती, परंतु त्या खुणेला जोडण्यासाठी तिच्यापाशी इंद्रियाचे नावच नव्हते.

५

वेदना औषधांनी आवरत नाहीत आणि ग्रंथी खडे व व्रण यांनी निकामी होते, तेव्हा काही रुग्णांत ती संपूर्ण काढण्याचा निर्णय घेतला जातो. अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये प्रीस्टली यांनी १९४२ साली एका रुग्णाचे संपूर्ण स्वादुपिंड काढले, आणि तो रुग्ण दीर्घकाळ जगला. इन्शुलीन हाती आल्यानंतरच हे शक्य झाले, हे उघड आहे. १९७७ साली मिनेसोटा विद्यापीठात सदरलँड, नजारियन व त्यांच्या सहकाऱ्यांनी काढलेल्या ग्रंथीतून रुग्णाचीच द्वीपके वेगळी करून ती यकृताकडे जाणाऱ्या शिरेत सोडली. द्वीपके यकृतात रुजली तर थोडेफार इन्शुलीन तेथे निर्माण होते. जुन्या घराची चूल मोडताना तिच्यातला विस्तव शेजारच्या चुलीत नेऊन ठेवावा, तसा हा प्रकार आहे. मात्र विस्तव शिल्लक असावा लागतो. लेखकाच्या ग्रंथीत तो उरला नव्हता.

ग्रंथी गेल्यावर दोन्ही नावांतील दोन्ही कार्ये जातात. अग्निपिंड गेल्यामुळे स्निग्ध पदार्थ, प्रथिने व पिष्ट नीट पचत नाहीत. म्हणून प्रत्येक जेवणाबरोबर पाचक विकरांच्या कॅप्सूल घ्याव्या लागतात. स्निग्ध पदार्थांत विरघळणाऱ्या अ, ड, ई, के या जीवनसत्त्वांवरही लक्ष ठेवावे लागते. स्वादुपिंड गेल्यामुळे इन्शुलीन जाते, आणि ते रोज सुईने घ्यावे लागते. पूर्वी इन्शुलीन गाई-डुकरांच्या ग्रंथींतून काढीत. १९८२ पासून मानवी इन्शुलीन जिवाणूंकडून बनवून घेतले जाऊ लागले. पाचक विकर मात्र आजही डुकराच्या स्वादुपिंडातून येतात. माळकरी घरात ही गोष्ट सांगावी की नाही, हा लेखकापुढील पहिला नैतिक प्रश्न होता. त्याने ती सांगितली. घरातील वडीलधाऱ्यांनी ‘औषधाला दोष नाही’ एवढेच म्हणून विषय संपविला.

या दोन्ही हिशेबांचा परस्परांशी संबंध आहे, आणि खरी अडचण तेथे आहे. पुरणपोळीचे ताट पुढे आले की तुपासाठी एक हिशेब करावा लागतो आणि गुळासाठी दुसरा. इन्शुलीन बरोबर घेतले पण कॅप्सूल विसरली, तर अन्न पुरेसे पचत नाही, साखर रक्तात येत नाही, आणि घेतलेले इन्शुलीन रिकाम्या रक्तावर काम करते. साखर धोक्याच्या पातळीखाली जाते. घोटावड्याच्या आंबेमोहोर भातासही हाच नियम. उलट, एकादशीला उपास म्हणून सुई अजिबात घेतली नाही, तरी चालत नाही. कारण शरीराला निराहार अवस्थेतही थोडे इन्शुलीन लागतेच.

याहून मोठा भेद तिसरा आहे. द्वीपकांत इन्शुलीनबरोबर ‘ग्लुकागॉन’ नावाचे दुसरे द्रव्यही तयार होते. १९२३ साली त्याला हे नाव मिळाले. साखर खाली गेली की ते यकृताला साठवलेली साखर सोडावयास लावते. इन्शुलीन हा लगाम मानला, तर ग्लुकागॉन ही टाच आहे. स्वादुपिंड काढलेल्या मनुष्यापाशी ग्रंथीचा लगामही नाही आणि टाचही नाही. त्याला इन्शुलीन अपेक्षेपेक्षा कमी लागते, परंतु त्याची साखर एकदा खाली जाऊ लागली की तिला थांबविणारे फारसे काही आत उरत नाही. शंभर मिलिलिटर रक्तात ७० मिलिग्रॅमच्या खाली साखर गेली, की घाम, थरथर, भूक, मग बोलण्यात विसंगती आणि उपाय न झाल्यास बेशुद्धी, असा क्रम असतो. सुमारे १५ ग्रॅम साखर, म्हणजे तीन लहान चमचे, पाण्यातून लगेच देणे हा त्यावरचा उपाय. त्या वेळी पेढा किंवा लाडू उपयोगाचा नाही. त्यातील तूप-खवा पचावयास वेळ घेतो.

६

आता बोलभाषेकडे येऊ. ‘त्याला साखर आहे’ हे वाक्य आज महाराष्ट्रभर ऐकू येते. व्याकरणाच्या दृष्टीने ‘त्याला ताप आहे’ या घडणीचे ते आहे. चतुर्थ्यंत व्यक्ती, प्रथमान्त विकार आणि स्थितिवाचक क्रियापद. साखर हाच येथे विकार झाला आहे. त्यावरून निघणारा व्यवहारातील सिद्धांत सरळ आहे : ज्याला साखर आहे त्याला साखर देऊ नये.

चार वर्षांपूर्वी घोटावड्यास भावकीतल्या एका लग्नात हा सिद्धांत लेखकावर लागू झाला. पंगत लांबली. सुई मात्र ठरल्या वेळी घेतलेली होती. मांडवात लेखकाला घाम सुटला, हात कापू लागले. त्याने साखर मागितली. कोणी तरी पेल्यात साखर घेऊन आलेही, पण शेजारच्या वयस्क नातलगाने तो पेला मायेनेच बाजूला सारला : “आरं, त्याला साखर हाय! ग्वाड नका देऊ.” भोवतालच्या सर्वांनी मान डोलावली. त्या वेळी लेखकाला भाषाशास्त्रातील पदवी काहीच उपयोगी पडली नाही, कारण जीभ वळत नव्हती. लेखकाच्या पत्नीने गर्दीतून येऊन ते पाणी पाजले म्हणून हा लेख लिहिला जात आहे. त्या नातलगाने चूक केली असे म्हणता येत नाही. त्याने मराठी वाक्याचा मराठी अर्थ घेतला.

त्यानंतर घरात शब्द बदलून पाहण्यात आले. ‘साखर कमी झाली’ हे वाक्य निरुपयोगी ठरले. ज्याला साखरेचा रोग त्याची साखर कमी झाली, म्हणजे रोग बरा झाला. ‘साखर उतरली’ तर त्याहून घातक. मराठीत ताप उतरतो, विष उतरते, पूर उतरतो, नशा उतरते, दृष्ट उतरवितात. ‘उतरणे’ हे आपल्याकडे सुटकेचे क्रियापद आहे. डॉक्टरांकडून आलेला ‘शुगर लो झाली’ हा प्रयोग तरुणांत चालतो, वृद्धांपर्यंत पोहोचत नाही.

तोडगा निघाला तो लेखकाच्या चुलतीकडून. पुढे एका आषाढात ओटीवर बसले असता लेखक गप्प झालेला पाहून ती आत ओरडली : “साखर खचलीया त्याची. पानी करा साखरंचं, बिगी!” आणि पाणी आले. ‘खचणे’ हे क्रियापद मुळशीच्या डोंगरउतारावरचे आहे. तेथे पावसाळ्यात बांध खचतो, दरड खचते, विहीर खचते, माणसाचा धीर खचतो. या सर्व ठिकाणी अर्थ एकच : आधार सुटला, हात द्या. जे खचते त्याला कोणी बरे झाले म्हणत नाही. आज आमच्या भावकीत ‘साखर खचली’ हा प्रयोग रूढ आहे, आणि तो ऐकल्यावर पेला बाजूला सारला जात नाही.

या प्रयोगात व्याकरणाचाही एक बदल आहे. ‘त्याला साखर आहे’ या स्थितिवाचक रचनेऐवजी ‘त्याची साखर खचली’ ही षष्ठीची आणि घडामोडीची रचना आली. साखर हा रोग राहिला नाही. ती त्या मनुष्याची, त्याला हवी असलेली, कमीजास्त होणारी वस्तू झाली. वैद्यकाला जे सांगावयाचे आहे ते या रचनेत नेमके सांगितले जाते.

७

वरील विवेचनावरून काही निष्कर्ष निघतात. ‘स्वादुपिंड’ आणि ‘अग्निपिंड’ यांपैकी कोणते नाव शुद्ध, हा प्रश्न फारसा फलदायी नाही. एक खवय्यांच्या शब्दाचे रूपांतर असावे, दुसरे जुन्या शरीरकल्पनेचे अपत्य. तरीही दोघांनी मिळून ग्रंथीचे पूर्ण वर्णन अनायासे केले आहे, आणि ग्रंथी गमावलेल्या मनुष्याला ती दोन्ही नावे ठाऊक असणे हिताचे आहे. दुसरे, ‘मधुमेह’ या एका नावाखाली परस्परविरुद्ध उपचारांच्या अवस्था येतात, हे चरक-सुश्रुतांना ज्ञात असलेले सत्य लोकशिक्षणात पुन्हा आणणे अवश्य आहे.

तिसरा निष्कर्ष आपल्या अभ्यासविषयाशी निगडित आहे. महाराष्ट्र शासनाने १९६० साली भाषा संचालनालय स्थापन केले, आणि परिभाषेचे मोठे कार्य झाले. त्या कार्यात संज्ञेची कसोटी अचूकता आणि एकरूपता ही होती, व कोशासाठी ती योग्यच आहे. परंतु रोगाच्या परिभाषेला आणखी एक कसोटी लावावयास हवी : जो मनुष्य स्वतः बोलू शकत नाही, त्याच्या वतीने शेजारी काय बोलेल, आणि ते ऐकून तिसरा काय करील? ही कसोटी ग्रंथालयात लावता येत नाही. ती मांडवात, एस.टी.त, ओटीवर लागते. पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी आपापल्या तालुक्यांतील रोगविषयक वाक्प्रयोग, विशेषतः क्रियापदे, याच दृष्टीने गोळा केली, तर वैद्यकाला आणि भाषाशास्त्राला दोहोंनाही त्यांचा उपयोग होईल.

लेखकाच्या खिशात एक लहान कार्ड असते. त्यावर पूर्वी वैद्यकीय भाषेत तीन ओळी होत्या. आता त्याखाली चौथी ओळ, चुलतीच्या शब्दांत, हाताने लिहिलेली आहे : ‘साखर खचली असेल, साखरेचे पाणी द्या.’